ब्रायरचे पाइप : एका संग्राहकाचे निवेदन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डेहराडून येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘माझा छंद’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत संगीत, संतवाङ्मय, गिर्यारोहण अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. मजसारख्या साध्या बी. ए. झालेल्या आणि सारी हयात फायलींत घालविलेल्या केंद्र सरकारच्या नोकराने तेथे उभे राहून सांगावयाचे ते काय? त्यातून छंदही असा, की घरी पाहुणे आले म्हणजे आमच्या सौ. कपाटाचे दार हळूच लोटून घेतात. इंग्लंडात हाताने घडविलेले, ब्रायर नावाच्या लाकडाचे, तंबाखू ओढावयाचे पाइप मी गोळा करतो.

विषय जाहीर झाल्यावर आपल्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, “अहो, मंडळात लहान मुले येतात. त्यांच्यापुढे आपण व्यसनाची साधने मांडून बसणार काय?” प्रश्न रास्त होता आणि मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. आजचे माझे भाषण हे त्याच प्रश्नाचे उत्तर आहे, असे त्यांनी कृपया समजावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी आयुष्यात तंबाखूचा एक झुरकाही घेतलेला नाही. या टेबलावरील पेटीत एकेचाळीस पाइप आहेत. त्यांपैकी चाळिसांविषयी मी आधी बोलेन. एकेचाळिसाव्याविषयी शेवटी.

प्रथम लाकूड. ब्रायर म्हणजे काटेरी रानगुलाब, असा इंग्रजी जाणणाऱ्यांचाही समज होतो, परंतु तो खरा नव्हे. ‘ब्रुयेर’ या फ्रेंच शब्दाचा तो इंग्रजी अपभ्रंश आहे. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कॅलाब्रिया प्रांत, ग्रीस, अल्जीरिया अशा कोरड्या व खडकाळ मुलखात एक झुडूप वाढते. वनस्पतिशास्त्रात त्याला एरिका आर्बोरिया म्हणतात. त्याचे खोड सरपणापलीकडे फारसे कामाचे नाही. मात्र जमिनीत, खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर त्याला एक गाठ धरते आणि वर्षानुवर्षे ती फुगत जाते. वणव्याने वरचे झुडूप जळून खाक झाले तरी ही गाठ जिवंत राहते आणि तिच्यातून नवे कोंब फुटतात. उन्हाळा आणि आग सोसण्यासाठीच निसर्गाने तिची योजना केली आहे. मग हातभर अंतरावर निखारा जळत ठेवावयाचा तर त्यासाठी माणसाने हेच लाकूड निवडावे, यात नवल नाही.

येथे आपल्यासाठी एक गमतीची गोष्ट आहे. फाल्गुन-चैत्रात मसुरीच्या वाटेवर लालभडक फुललेला बुरांस आपण दरवर्षी पाहतो. तो आणि हे भूमध्य झुडूप एकाच कुळातील आहेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून ब्रायर मिळेनासे झाले, तेव्हा अमेरिकेतील कारागिरांनी आपल्याकडील पहाडी लॉरेल आणि बुरांसाच्या जातीची झुडपे यांच्या गाठींवर काम भागविले होते. आपल्या वनसंशोधन संस्थेतील लाकडांचे संग्रहालय पाहताना मला ही सोयरीक नेहमी आठवते.

गाठ खणून काढली की ती ओली ठेवावी लागते, कारण एकाएकी वाळल्यास ती तडकते. तिचे ओबडधोबड ठोकळे पाडतात, ते मोठ्या कढयांत तासन् तास उकळून त्यांतील चीक काढून टाकतात आणि मग कित्येक महिने, उत्तम कारागीर तर कित्येक वर्षे, सावलीत वाळवितात. एवढे केल्यावरही ठोकळ्याच्या पोटात काय दडले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. गाठ वाढताना तिने वाळूचे खडे गिळलेले असतात, कोठे पोकळी राहिलेली असते. कानस चालविता चालविता अखेरच्या हाताला एखादा खड्डा उघडा पडतो आणि दिवसाचे काम वाया जाते. स्वस्त मालात असे खड्डे लांबी भरून रंगाखाली झाकतात. चांगला कारागीर तो तुकडा बाजूला टाकतो, किंवा हलक्या नावाने विकतो. ज्या तुकड्यात रेषा तळापासून काठापर्यंत ज्वाळेप्रमाणे सरळ चढत गेल्या आहेत, असा निर्दोष तुकडा क्वचितच हाती लागतो. आडव्या छेदात त्याच रेषांचे बारीक ठिपके दिसतात. त्यांना इंग्रज पक्ष्याचा डोळा म्हणतात.

पाइपचे तीन भाग. तंबाखू भरावयाची ती वाटी, तिला जोडलेला दांडा आणि तोंडात धरावयाची तोटी. वाटी आणि दांडा एकाच लाकडाचे असतात. तोटी बहुधा काळ्या, कडक रबराची असते, म्हणजे गंधक घालून तापविलेल्या रबराची. कारागिराची परीक्षा दोन ठिकाणी होते. दांड्यातील धुराचे छिद्र वाटीच्या बरोबर तळाशी आणि बरोबर मध्यावर उघडले पाहिजे. ते सूतभर वर राहिले तर तळाशी ओल साचते आणि तंबाखू विझते. दुसरी जागा म्हणजे तोटीचे टोक. ते दातांत धरण्याजोगे पातळ हवे, परंतु तुटण्याइतके पातळ नको. यंत्राने ओतलेली तोटी आणि हाताने कानशीने उतरविलेली तोटी यांतील फरक डोळे मिटूनही बोटांना कळतो.

आता लोक. ‘ब्रिटिश पाइप’ असे आपण म्हणतो, परंतु त्याची जन्मकथा पाहू गेल्यास त्यात ब्रिटिश असे किती थोडे निघते! लाकूड भूमध्य किनाऱ्याचे. ब्रायरचा पाइप करण्याची विद्या रुजली ती फ्रान्सच्या जुरा डोंगरातील सँ क्लोद गावी, १८५० नंतरच्या दशकात. तोवर इंग्रज पांढऱ्या मातीचे पाइप ओढीत असे. फ्रेडरिक चॅरटन हा रशियातून आलेला ज्यू निर्वासित. त्याने १८६३ मध्ये लंडनला दुकान थाटले. आंरी कोमॉय १८७९ मध्ये सँ क्लोदहून लंडनला आला. त्याचे घराणे १८२५ पासून तिकडे या धंद्यात होते. इंग्रज म्हणावे असे जुने घराणे बार्लिंगांचे. हे मूळचे चांदीकाम करणारे आणि आपल्या मालावर १८१२ हे साल अभिमानाने मिरविणारे. घर सोडून दूरच्या शहरी आलेल्या माणसांनी, दुसऱ्याच देशातून आणलेल्या लाकडातून जी वस्तू घडविली, तीच पुढे इंग्रज सद्गृहस्थाची ओळख ठरली. आपण सारे महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर येऊन येथे पन्नास वर्षे नांदत आहोत. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या मंडळीत सर्वाधिक कीर्ती मिळविली ती ॲल्फ्रेड डनहिल याने. त्याच्या वडिलांचा धंदा घोड्यांचे साज करण्याचा. मोटारगाड्या आल्या आणि हा धंदा बुडणार हे ओळखून त्याने मोटारचालकांना लागणाऱ्या वस्तू विकण्यास आरंभ केला. उघड्या मोटारीत वाऱ्याने पाइप विझतो म्हणून १९०४ च्या सुमारास त्याने पुढे आडोसा असलेला पाइप काढला. १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर त्याने तंबाखूचे दुकान उघडले. बाहेरून आणलेले पाइप मनास येईनात, म्हणून १९१० मध्ये स्वतःचा लहानसा कारखाना काढला. त्याच्या सरळ तोट्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसत आणि गिऱ्हाईक त्या उलट्या बसवी. वरची बाजू कोणती ते कळावे एवढ्यासाठी १९१५ पासून तोटीवर एक पांढरा ठिपका बसविण्यात आला. गिऱ्हाइकाची चूक टाळण्यासाठी केलेली खूण जगभर प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसली! १९१७ मध्ये त्याने आणखी एका युक्तीचे पेटंट घेतले. वाळूचा जोरदार फवारा मारला की लाकडाचा मऊ भाग झिजतो आणि कडक रेषा उठून दिसतात. असा पाइप हाताला शिंपल्याच्या पाठीसारखा लागतो. डनहिलकडे काम केलेला जोएल सासिएनी १९१९ मध्ये वेगळा निघाला. त्याने आरंभी एक आणि पुढे चार ठिपके आपल्या तोटीवर घातले. संग्राहक त्याच्या पाइपांना आजही ‘चार ठिपके’ म्हणूनच ओळखतात.

आपण विचाराल, पाइपचे वय कसे ओळखावे? आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांना येथेच खरा आनंद होतो. कारण हा सारा कागदोपत्री पुरावा लाकडावर आणि चांदीवर कोरलेला असतो. डनहिलच्या पाइपवर ‘इंग्लंड’ या शब्दापुढे एक बारीक अंक असतो, तो वर्ष सांगतो. दशक मात्र इतर खुणांवरून काढावे लागते. दांड्यावर चांदीचे कडे असेल तर काम अधिक सोपे. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे चांदी तपासून तिच्यावर शिक्के मारतात. चालता सिंह म्हणजे शुद्धतेची हमी. चित्त्याचे मस्तक म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे १९७४ पर्यंतचे शेफील्ड. सोबत एक अक्षर असते, ते दरवर्षी बदलते. भिंग आणि अक्षरांचा तक्ता जवळ असला की शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूचा जन्मदाखला दोन मिनिटांत हाती येतो.

पण जन्मदाखला म्हणजे चरित्र नव्हे. शेरलॉक होम्स आपल्यापैकी अनेकांनी मराठीतून वाचला असेल. १८९३ मधील ‘द यलो फेस’ या कथेत कोणी एक अपरिचित गृहस्थ आपला ब्रायरचा पाइप विसरून जातो. होम्स तो हाती घेऊन त्याच्या मालकाचे वर्णन करतो. चांदीच्या कड्यांनी दोनदा केलेल्या दुरुस्तीला पाइपच्या किमतीहून अधिक पैसे पडले असणार, म्हणजे मालकाचा त्यावर जीव असला पाहिजे. काठ एकाच बाजूने करपला आहे, म्हणजे तो डावखुरा असावा. तोटीत दात आरपार रुतले आहेत, म्हणजे त्याचे दात चांगले बळकट आहेत. मी होम्स नव्हे. परंतु गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत मलाही हे थोडेफार वाचता येऊ लागले आहे.

माझे बरेचसे पाइप याच गावातील आहेत. सेवानिवृत्त सेनाधिकाऱ्यांचे बंगले विकले जातात, मुले परदेशी असतात आणि अडगळ कबाड्याकडे जाते. किलोच्या भावाने विकल्या जाणाऱ्या पितळेच्या ढिगात मला पहिला बार्लिंग सापडला. सरकारी कामानिमित्त एकदा लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा शनिवारी सकाळी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात दैनिक भत्त्यातून वाचविलेल्या पैशांत दोन घेतले. जंगम मालमत्तेच्या विवरणपत्रात यांचा उल्लेख करण्याची वेळ मजवर आलेली नाही, यावरून त्यांची किंमत आपल्या ध्यानात यावी.

हा धंदा पुढे मावळत गेला. १९४१ मध्ये बाँबवर्षावात ड्यूक स्ट्रीटचे दुकान जमीनदोस्त झाले, तेही पुन्हा उभे राहिले. पण नंतरचा ऱ्हास बाँबने थांबण्याजोगा वा सुरू होण्याजोगा नव्हता. १९६० च्या आसपास बार्लिंगांचा कारभार घराण्याच्या हातून गेला. चॅरटन हे नाव हर्मन लेन या अमेरिकन व्यापाऱ्याकडे आणि त्यानंतर डनहिलकडे गेले. नाव विकता येते, हात विकता येत नाही. नावे तीच राहिली, पण आतला माणूस बदलला. संग्राहक ‘घराण्याच्या काळातला’ आणि ‘नंतरचा’ असा भेद करतात तो याचसाठी. डनहिलमध्ये तयार झालेल्या विल्यम ॲश्टन-टेलर यांनी १९८३ च्या सुमारास स्वतंत्रपणे ॲश्टन पाइप घडविण्यास आरंभ केला. ते २००९ मध्ये वारले. आता ब्रिटनमध्ये हे काम करणारे हात अगदी थोडे उरले आहेत. तिकडे ‘वर्षातील उत्कृष्ट पाइपधारक’ असा एक बहुमान दिला जात असे. १९६५ मध्ये तो पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांना मिळाला होता. २००३ मध्ये स्टीफन फ्राय या नटाला तो दिला गेला आणि तेथेच ती प्रथा संपली.

एखादी हस्तकला लोपली की आपण हळहळतो. येथे मात्र हळहळण्यापूर्वी कारण विचारले पाहिजे. ही कला लोपली, कारण माणसे शहाणी झाली. पाइप ओढणाऱ्यांना ओठाचा कर्करोग होतो, असे सोमेरिंग या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच नोंदविले होते. १९५० मध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९६२ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या रॉयल कॉलेजने अहवाल प्रसिद्ध केला. तो मुख्यतः सिगारेटविरुद्ध होता. पाइप त्या मानाने कमी घातक, अशी तेव्हाची समजूत होती. पाइपचा धूर बहुधा छातीत ओढीत नाहीत, हे खरेच. पण तो तोंडात घोळवितात आणि जे विष फुप्फुसाला चुकते ते जीभ, ओठ व घसा यांना भोवते. आपल्या देशात २००३ मध्ये तंबाखूविरोधी कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आली. मी या कायद्याचा पूर्ण समर्थक आहे.

आता एकेचाळिसावा पाइप.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, खरगपूरच्या रेल्वे कारखान्यात हिशेबनीस होते. रेल्वे वसाहतीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन फोरमन राहत. १९६३ मध्ये ते कुटुंबासह देश सोडून निघाले, तेव्हा सामान वाटून टाकताना त्यांनी आपला पाइप अण्णांना दिला. अण्णा तोवर सिगारेट ओढीत. सिगारेट वाईट आणि पाइप बरा, असे त्या वेळी कोठेसे छापून आलेले त्यांनी वाचले होते. त्यांनी सिगारेट सोडली. आईला केवढा आनंद झाला होता, हे ती पुढे सांगत असे. संध्याकाळी ओसरीवर आरामखुर्चीत बसून, डाव्या दाढेखाली पाइप धरून केसरीचा अंक वाचणारे अण्णा, हे माझ्या बालपणाचे चित्र आहे. त्या वासाने मला सुरक्षित वाटे. आज हे सांगताना संकोच होतो, पण ते खरे आहे.

१९८९ मध्ये अण्णा जिभेच्या कर्करोगाने गेले. वय चोपन्न. अखेरचे चार महिने त्यांना बोलता येत नव्हते. मी तेव्हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात होतो. पाटीवर लिहून ते आम्हांला हवे-नको सांगत. एके दिवशी त्यांनी पाटीवर लिहिले, “तू ओढू नकोस.” एवढेच. त्या पाइपचा मला इतका संताप आला, की मी तो शोधून जाळणार होतो. तो सापडला नाही.

तो सापडला १९९८ मध्ये. खरगपूरचे घर आवरून आईला माझ्याकडे आणताना ट्रंकेच्या तळाशी, अण्णांच्या धुतलेल्या उपरण्यात गुंडाळलेला. तो आईनेच लपविला होता. जाळावयाच्या उद्देशानेच मी तो हाती घेतला. परंतु उजेडात धरताच दांड्यावरील काळवंडलेल्या कड्यात काही बारीक आकृती दिसल्या. चित्त्याचे मस्तक, सिंह, एक अक्षर. घडविणाऱ्याचे नाव हाताळून हाताळून पुसले गेले होते. ते कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही. अक्षरावरून साल निघाले ते १९३८-३९ चे. अण्णा तेव्हा तीन-चार वर्षांचे होते. भिंगातून पाहिले तर तोटीवर दातांचे वण दोन ठिकाणी. उजवीकडचे जुने, गुळगुळीत झालेले, ते त्या फोरमनचे असावेत. डावीकडचे अण्णांचे. माझा छंद त्या दिवशी सुरू झाला. शत्रूचे नाव-गाव तरी ठाऊक असावे, म्हणून मी वाचू लागलो आणि वाचता वाचता त्याला घडविणाऱ्या हातांचा आदर वाटू लागला. दोन्ही भावना आजही शेजारी शेजारी राहतात. त्यांपैकी एकीने दुसरीला घराबाहेर काढावे, असे मला आता वाटत नाही.

संग्राहक जुना पाइप स्वच्छ करतो. वाटीतील काजळीचा थर खरवडतो, उन्हाने हिरवट पडलेली तोटी घासून पुन्हा काळी करतो. रबराच्या तोटीत एक गुण आहे. ती हळुवार तापविली की दातांनी पडलेले खळगे आपोआप वर येतात आणि पृष्ठभाग पूर्ववत होतो. चाळीस पाइपांचे मी असे केले आहे. एकेचाळिसाव्याची चांदी मी उजळली. तोटीला आच दाखविली नाही.

प्रत्येक पाइपची नोंद मी सरकारी पद्धतीने एका वहीत ठेवली आहे. अनुक्रमांक, कारागीर, साल, कोठून मिळाला आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. मुलाला सांगून ठेवले आहे, की माझ्यामागे पाइप विकावयाचे तर खुशाल विकावेत, मात्र वहीसकट. अनुक्रमांक एकेचाळीससमोर मी लिहिले आहे : कारागीर अज्ञात, लंडन, १९३८-३९. काम उत्कृष्ट. शेऱ्याच्या रकान्यात दुसऱ्या मालकाचे नाव आहे, त्यांचे वय आहे आणि त्यांच्या मृत्यूचे कारण आहे.

आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे असे आहे. भाषण संपल्यावर मुलांना या पेटीजवळ अवश्य येऊ द्यावे. त्यांनी लाकडावरील रेषा पाहाव्यात, कड्यावरील सिंह पाहावा. वहीही तेथेच उघडी ठेवली आहे. तीही त्यांनी वाचावी.